बाई आणि पंडित : गायिकांच्या यशाचा विचार

विद्यार्थिमित्रांनो, एक लहानसा प्रयोग करून पाहा. रात्री जेवणे आटोपल्यावर घरातील वडीलधाऱ्या मंडळींना विचारा, "आपल्या देशातील पाच थोर गाणाऱ्यांची नावे सांगा." लता मंगेशकर हे नाव बहुधा लगेच येईल. परंतु त्यापुढील चार नावे पुरुषांचीच येण्याचा संभव अधिक. आम्ही हा प्रयोग वर्गात केला, शिक्षकांच्या खोलीत केला आणि स्वतःवरही केला. आमची यादीदेखील तशीच निघाली. मग आमच्या मनात प्रश्न उभा राहिला : गाणे म्हणजे सरस्वतीची देणगी, असे आपण नित्य म्हणतो, आणि सरस्वती तर स्त्रीरूप! मग गाणाऱ्यांच्या यादीत स्त्रिया मागे का?

गाण्यांची क्रमवारी लावण्याची हौस आपल्याकडे जुनी आहे. १९५२ साली रेडिओ सिलोनवरून 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. तबकड्यांचा खप आणि श्रोत्यांची पसंती पाहून गाणी पायरीपायरीने वर चढविली जात, व बुधवारी संध्याकाळी घरोघर माणसे कान देऊन बसत. आता मोजणीचे काम यंत्रे करतात. स्पॉटिफाय या गाणी ऐकविणाऱ्या कंपनीने २०२३ व २०२४ साली भारतात सर्वाधिक ऐकल्या गेलेल्या कलावंतांच्या याद्या प्रसिद्ध केल्या. दोन्ही वर्षी पहिले नाव अरिजित सिंग यांचे होते. अमेरिकेतही चित्र वेगळे नाही. तेथील दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ ते २०१७ या सहा वर्षांतील बिलबोर्डच्या वार्षिक यादीतील ६०० लोकप्रिय गीते तपासली, तेव्हा गाणाऱ्या कलावंतांत स्त्रिया सुमारे २२ टक्केच आढळल्या.

या प्रश्नाला दोन सोपी उत्तरे नेहमी दिली जातात. एक, स्त्रियांचा आवाज कमी ताकदीचा. दुसरे, श्रोत्यांनाच पुरुषांचे गाणे अधिक आवडते. कोणतेही उत्तर सोपे आहे एवढ्यावरून ते खरे ठरत नाही. तेव्हा प्रथम ही दोन्ही उत्तरे कसोटीस लावू.

१९०२ साली ग्रामोफोन कंपनीची माणसे कलकत्त्यास आली आणि आपल्या देशातील गाण्याचे मुद्रण सुरू झाले. त्या काळचे अनेक नामवंत उस्ताद या यंत्रापासून दूर राहिले. तीन मिनिटांत राग कसा मांडावा, ही त्यांची अडचण. गौहरजान या गायिकेने मात्र ते आव्हान स्वीकारले. तीन मिनिटांत बसेल असे गाणे तिने बेतले, आणि तिच्या तबकड्या देशभर खपल्या. म्हणजे आपल्याकडील ध्वनिमुद्रित संगीताचा आरंभच मुख्यतः स्त्रियांच्या आवाजाने झाला.

दुसरा दाखला केसरबाई केरकर यांचा. त्या गोव्यातील केरी गावच्या. त्यांची मायबोली आणि आमची मायबोली एकच, कोंकणी. अल्लादियाखाँसाहेबांकडे त्यांनी वर्षानुवर्षे तालीम घेतली. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने अवकाशात सोडली. परग्रहावर कोणी असलेच तर त्यास पृथ्वीची ओळख पटावी, म्हणून प्रत्येक यानात एक सोनेरी तबकडी ठेवली. तीत साऱ्या जगातून निवडलेले संगीताचे २७ नमुने आहेत. त्यांत भारताचा नमुना एकच, आणि तो म्हणजे केसरबाईंची भैरवी. दोन्ही याने निघाली त्यानंतर थोड्याच दिवसांनी, १६ सप्टेंबर १९७७ रोजी, केसरबाई निवर्तल्या. त्यांचा सूर मात्र पुढे जात राहिला. २०१२ साली व्हॉयेजर-१ ने सूर्याच्या प्रभावक्षेत्राची सीमाही ओलांडली.

तिसरा दाखला अगदी अलीकडचा. गिनीजच्या नोंदीप्रमाणे २०२२ साली यूट्यूबवर जगात सर्वाधिक ऐकल्या गेलेल्या कलावंत होत्या अलका याज्ञिक. त्यांची गाणी त्या एका वर्षात सुमारे १,५३० कोटी वेळा वाजली. आणि ही गाणी बहुतांशी कोणत्या काळातील? १९९० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांतील. म्हणजे चित्रपटात नायिकेच्या वाट्याला स्वतंत्र गाणे व युगुलगीत हटकून येत असे, त्या काळातील. जेव्हा स्त्रीकंठासाठी गाणी रचली गेली, तेव्हा श्रोत्यांनी ती ऐकली, व वीस-पंचवीस वर्षांनंतरही ऐकली. सारांश, दोष आवाजात नाही आणि श्रोत्यांच्या कानातही नाही.

मग तो कोठे आहे? आमच्या मते गाणे गळ्यातून निघून यादीत पोहोचेपर्यंत त्यास चार दारे ओलांडावी लागतात : शिक्षणाचे, मंचाचे, नावाचे आणि मोजणीचे. पुरुषांस ही दारे बहुधा उघडी सापडतात. स्त्रीस प्रत्येक ठिकाणी कडी वाजवावी लागते.

पहिले दार शिक्षणाचे. आपल्या कर्नाटकातील दोन थोर कलावंत, भीमसेन जोशी आणि गंगूबाई हनगल, हे दोघेही कुंदगोळच्या सवाई गंधर्वांचे शिष्य. भीमसेन अकरा वर्षांचे असताना गुरूच्या शोधात घर सोडून निघाले, आगगाडीने गावोगाव भटकले, आणि ही कथा आपण कौतुकाने सांगतो. ती कौतुकाचीच आहे. पण क्षणभर विचार करा : अकरा वर्षांची मुलगी अशी एकटी निघून गेली असती, तर तिची कथा कोणी कौतुकाने सांगितली असती काय? गंगूबाईंनी घर सोडले नाही. त्या हुबळीहून आगगाडीने कुंदगोळास जात, तालीम घेत आणि पुन्हा घरी परतत. घरचा संसार, मुलेबाळे त्यांच्या वाट पाहत असत. दोघांची साधना सारखीच खडतर होती. भीमसेन त्यांना आदराने 'अक्का' म्हणत. परंतु एकास रस्ता मोकळा होता, व दुसरीस तो संसारातून काढावा लागला.

दुसरे दार मंचाचे. मराठी संगीत रंगभूमीच्या वैभवाच्या काळात स्त्रियांच्या भूमिका पुरुष करीत. बालगंधर्वांची साडी नेसण्याची तऱ्हा पाहून कुलीन स्त्रिया आपली साडी नेसत, इतका त्यांचा प्रभाव होता. त्यांच्या गुणांबद्दल आम्हांस नितांत आदर आहे. परंतु स्त्रीचे रूप, स्त्रीचे लाजणे आणि स्त्रीचे गाणे रंगमंचावर आले, आणि स्त्री तेवढी बाहेर राहिली, ही गोष्टही खरीच. ज्यांच्या घराण्यात गाणे हीच उपजीविका होती त्या स्त्रिया गात. पण त्यांच्या गाण्याची वाहवा करणारा समाज त्यांस घरात मान देत नसे. अशा वेळी मिरजेस १९०५ साली जन्मलेल्या हिराबाई बडोदेकर पुढे आल्या. तिकीट लावून जाहीर मैफल करणाऱ्या पहिल्या काही गायिकांत त्यांची गणना होते. अंगभर पदर घेऊन, शांतपणे बसून त्या गात. "गाणे ऐकावयास या, आणि घरच्या स्त्रियांनाही घेऊन या," असेच जणू त्यांची मैफल सांगे. पुढे कितीतरी घरांतील मुलींना गाणे शिकण्याची परवानगी मिळाली, तिच्या मुळाशी हिराबाईंचे हे धैर्य आहे.

मंचाचे हे दार आजही पुरते उघडलेले नाही. फक्त राखणदार बदलले आहेत. गाणे कोणासाठी रचावयाचे, हे आता संगीतकार व निर्माते ठरवितात. वर सांगितलेल्या अमेरिकन पाहणीत गीतरचना करणाऱ्यांत स्त्रिया सुमारे १२ टक्के निघाल्या, आणि ज्या ३०० गीतांचे निर्माते तपासले त्यांत स्त्रिया अवघ्या २ टक्के. गाणे जेथे जन्मास येते त्या खोलीतच स्त्री नसेल, तर ते तिच्या गळ्यासाठी कितीदा जन्मेल?

तिसरे दार नावाचे. गौहरजान गाणे संपताच मोठ्याने आपले नाव उच्चारीत असे. तबकड्या जर्मनीत तयार होत, आणि तेथील कारागिरांस कोणाचे गाणे आहे ते कळावे, म्हणून ही योजना होती. आता १९४९ साली या. त्या वर्षी 'महल' चित्रपटाची तबकडी निघाली आणि तिच्यातील एका गाण्याने देश वेडा झाला. तबकडीवर गायिकेचे नाव काय होते? 'कामिनी'! ते चित्रपटातील पात्राचे नाव होते. गाणाऱ्या लता मंगेशकर हे श्रोत्यांनी नभोवाणीस विचारले, तेव्हा त्यांना कळले. गंगूबाईंच्या आरंभीच्या तबकड्यांवरही कंपनीने 'गांधारी' असे नाव छापले होते. ज्याचे नावच ठाऊक नाही त्यास यादीत घालावे कसे?

याच गंगूबाईंनी पुढे एक मार्मिक गोष्ट बोलून दाखविली. गाणारा पुरुष मुसलमान असला तर तो 'उस्ताद' होतो, हिंदू असला तर 'पंडित' होतो; पण केसरबाई आणि मोगूबाई मात्र 'बाई'च राहतात, असा तिचा आशय आहे. मित्रांनो, 'बाई' हा शब्द वाईट नव्हे. शाळेत शिक्षिकेस आपण 'बाई' म्हणतो, त्यात आदरच असतो. पण 'पंडित' हा शब्द विद्येचा मान सांगतो, आणि 'बाई' हा शब्द इतकेच सांगतो, की ही स्त्री आहे. एकाच गुरूचे दोन शिष्य. एकाच्या नावाआधी विद्या येते, दुसरीच्या नावामागे केवळ तिचे स्त्रीपण.

चौथे दार मोजणीचे. येथे थोडे गणित करू. फिल्मफेअर पारितोषिकांत पार्श्वगायनाचे पारितोषिक १९५९ साली सुरू झाले. १९६७ पर्यंत ते स्त्री-पुरुष मिळून एकच होते. या नऊ वर्षांत महंमद रफी यांस ते चार वेळा मिळाले, मुकेश व महेंद्र कपूर यांस एकेकदा, आणि लता मंगेशकर यांस तीन वेळा. म्हणजे सहा पारितोषिके तीन पुरुषांत वाटली गेली, आणि स्त्रियांची तिन्ही एकाच स्त्रीस मिळाली. १९६८ साली गायिकांसाठी वेगळे पारितोषिक निघाले, तेव्हा पहिल्याच वर्षी ते आशा भोसले यांस लाभले. आशाबाई काही १९६८ साली गाऊ लागल्या नव्हत्या! तोपर्यंत त्यांना बसावयास आसनच नव्हते.

"लताबाई सर्वांच्या वर गेल्याच ना? मग तक्रार कसली?" असे कोणी विचारील. त्यास हेच गणित उत्तर देते. पुरुषांसाठी सभेत अनेक आसने असतात. स्त्रियांसाठी बहुधा एकच सिंहासन असते. त्यावर एक बसली, की बाकीच्या उभ्या राहतात. लताबाईंनी स्वतः हे ओळखले असावे. नव्या गायिकांस वाव मिळावा म्हणून १९७० च्या सुमारास त्यांनी हे पारितोषिक आपणांस यापुढे देऊ नये, असे कळविले.

आणि ज्यांची मोजणी कधी झालीच नाही, त्यांचे काय? पहाटे जात्यावर बसून ओव्या गाणाऱ्या आपल्या आज्या-पणज्यांना कोणी कलावंत म्हटले नाही. हेमा राईरकर व गी पॉइतव्हँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून या ओव्या जमविल्या, तेव्हा संग्रह एक लाखाच्या पुढे गेला. आपल्या चिटगुप्पा परिसरात मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत जाती फिरली. ती गाणी कोणत्या यादीत लिहिली गेली?

आता थोडे आमच्याच विषयी. गेल्या वर्षी स्नेहसंमेलनाच्या तालमी आम्ही शाळा सुटल्यावर ठेवल्या होत्या. जवळच्या खेड्यातील एक मुलगी पहिल्या दिवशी आली. तिचा आवाज ऐकून सर्वांनी माना डोलावल्या. दुसऱ्या दिवसापासून ती येईना. "हिला गाण्याची आवड नाही," असे आम्ही समजलो व तिची जागा तिच्याच गावच्या एका मुलास दिली. पुढे कळले, की तालीम संपेपर्यंत शेवटची मोटार निघून जाई. मुलगा सायकलीने अंधारातून घरी जाई. तिला घरचे तसे कसे जाऊ देणार? तिची आवड कमी नव्हती, आमचे वेळापत्रक चुकले होते. मोठ्या याद्यांतील अन्यायाविषयी बोलणारे आम्ही, आमच्याच लहानशा यादीतून एक नाव स्वतःच्या हाताने खोडले होते. यंदा तालमी मधल्या सुट्टीत होतात, आणि ती मुलगी प्रार्थनेत पुढे उभी राहून गाते.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. यादी खोटी नसते, पण ती अपुरी असते. यादीत कोण आले हे ती सांगते. दारापाशी कोण अडकून राहिले हे सांगत नाही. ते पाहणे हे सुशिक्षित माणसाचे काम आहे. मुलींनो, तुम्ही गाणे सोडू नका. मुलांनो, आपल्या बहिणीच्या रियाजाच्या वेळी पाण्याची घागर तुम्ही भरा. आणि पालकहो, मुलगी गाऊ लागली की "आता पुरे" म्हणण्यापूर्वी एकदा गंगूबाईंच्या त्या आगगाडीची आठवण करा. आज म्हैसूर येथील संगीत विद्यापीठ त्यांच्या नावाने ओळखले जाते.

विचारासाठी प्रश्न

१. गाणे यादीत पोहोचेपर्यंत कोणती चार दारे ओलांडते? प्रत्येकाचे एक उदाहरण द्या.

२. १९५९ ते १९६७ या नऊ पारितोषिकांचा तक्ता तयार करा. त्यावरून काय दिसते, ते पाच ओळींत लिहा.

३. आजीला किंवा शेजारच्या एखाद्या वृद्ध बाईंना जात्यावरची ओवी म्हणावयास सांगा. ती जशीच्या तशी वहीत उतरून घ्या, आणि खाली गाणारीचे पूर्ण नाव लिहावयास विसरू नका.