घुसखोरीची सूचना देणारी यंत्रणा

अनेक विभागांच्या सूचना-यंत्रणेत इमारतीचे दरवाजे, खिडक्या आणि दालने यांचे स्वतंत्र विभाग पाडलेले असतात. प्रत्येक विभागातून विजेचा क्षीण प्रवाह अखंड वाहत असतो. दार उघडले किंवा तार कापली, की प्रवाह खंडित होतो, घंटा वाजते आणि नियंत्रण-फलकावर त्या विभागाचा क्रमांक उमटतो. घुसखोर कोठे आहे, हे त्यावरून कळते. माणसे आत असताना आतील विभाग वगळून केवळ बाहेरची दारे सज्ज ठेवता येतात; मात्र वगळलेले विभाग पुन्हा जोडणे आणि प्रत्येकाची वेळोवेळी चाचणी घेणे, हे चालकाचेच काम होय.

तथापि, सूचना मिळणे म्हणजे रक्षण होणे नव्हे. १८ मार्च १९९० च्या पहाटे बॉस्टनच्या इझाबेला स्टुअर्ट गार्डनर संग्रहालयात पोलिसी गणवेशातील दोघांना पहारेकऱ्याने आत घेतले. पोलिसांना बोलावण्याची एकमेव कळ त्याच्या मेजाशी होती. चोरांनी त्याला तेथून दूर नेले आणि दोन्ही पहारेकऱ्यांना बांधून ठेवले. ८१ मिनिटांत १३ कलाकृती नाहीशा झाल्या. दालनांतील उपकरणे चोरांच्या हालचाली नोंदवीत होती; पण ती नोंद वाचण्यास मेजाशी कोणीच उरले नव्हते.

म्हणून सूचना इमारतीबाहेरही आपोआप पोचली पाहिजे आणि दार उघडण्यापूर्वी गणवेशावर न विसंबता पोलीस-ठाण्याकडे चौकशी केली पाहिजे.