मृगाआधी सांडवा मोकळा करा

2 जुलै 2019 या एकाच तारखेला अडलेल्या पाण्याने महाराष्ट्रात दोनदा घात केला. मध्यरात्र उलटल्यावर मालाडच्या पिंपरीपाड्यात जलाशयाच्या आवाराची भिंत मागे साचलेल्या पावसाच्या पाण्यासह झोपड्यांवर कोसळली आणि पंचवीसहून अधिक माणसे गेली. त्याच दिवशी रात्री चिपळूण तालुक्यातले मातीचे तिवरे धरण फुटले आणि खालच्या भेंदवाडीतली घरे वीसहून अधिक माणसांसह वाहून गेली. एक शहरातली भिंत, दुसरे डोंगरातले धरण, आणि दोन्हींची बांधणी पूर्ण वेगळी. पण बाहेर पडायला सुरक्षित वाट न मिळालेले पाणी दोन्हीकडे होते. मुंबईत मॉन्सून साधारण 11 जूनला पोचतो. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर इथे राहून कर्जत, मुरबाड, शहापूर, वाडा भागात बागायत करणाऱ्यांची संख्या आता मोठी आहे. त्यातल्या अनेकांनी ओहोळ अडवून, मुरूम-माती टाकून स्वतःचे तळे केलेले असते. हा सल्ला त्यांच्यासाठी आहे, आणि उपनगरातच भाजीपाला किंवा रोपवाटिका सांभाळणाऱ्या, बांधाआड पाणी साठवणाऱ्या प्रत्येकासाठीही.

मातीचा बांध मुळात कमकुवत असतो, हा समज चुकीचा आहे. पुरावा आपल्या दाराशीच आहे. विहार तलाव मातीच्या बांधांनी अडवलेला आहे. 1860 साली पूर्ण झालेला हा तलाव आजही जवळपास 2,770 कोटी लिटर पाणी धरतो, आणि भरला की जादा पाणी ठरलेल्या जागेवरून मिठी नदीत सोडतो. माती दीडशे वर्षांहून जास्त टिकते ती पाणी तिच्या माथ्यावरून जात नाही म्हणून. दगडी किंवा काँक्रीटच्या बांधावरून पाणी वाहिले तर तो बहुधा तग धरतो. मातीच्या बांधाच्या माथ्यावरून पाण्याचा पातळ पदर वाहू लागला तरी मागचा उतार धुपतो, ओघळ पडतो, ओघळाची घळ होते आणि मग बांध हाताबाहेर जातो. गुजरातमधले मच्छू धरण 11 ऑगस्ट 1979 रोजी असेच गेले. सांडव्याच्या क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त पूर आला, पाणी मातीच्या भरावावरून वाहिले आणि मोरबी शहर बुडाले. म्हणून बांध किती जाड आहे हे नंतर बघा. आधी सांडवा किती रुंद आहे ते मोजा. हिशेब अवघड नाही. एक हेक्टरवर 100 मिलिमीटर पाऊस पडला की दहा लाख लिटर पाणी होते. तुमच्या तळ्याकडे उतरणारा डोंगर दहा हेक्टरचा असेल आणि तेवढा पाऊस तासाभरात पडला, तर भिजून तुडुंब झालेल्या जमिनीवरून सेकंदाला सुमारे 2,800 लिटर पाणी येऊ शकते. सांडवा तीन मीटर रुंद असेल तर हे पाणी त्यावरून सुमारे 67 सेंटिमीटर उंचीने वाहील, सहा मीटर रुंद असेल तर सुमारे 42 सेंटिमीटर. बांधाचा माथा या पातळीच्याही निदान 60 सेंटिमीटर वर हवा, कारण माती दरवर्षी थोडी बसते आणि वाऱ्याने लाटा उठतात. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला होता. तेव्हा तासाला 100 मिलिमीटर हा हिशेब आपल्या भागात घाबरवण्यासाठी केलेला नाही.

यावर शेतकऱ्याचा पहिला आक्षेप असतो, आणि तो खरा आहे: एप्रिल-मेमध्ये प्रत्येक थेंब लागतो, मग सांडव्यातून पाणी का घालवायचे? याच विचारातून ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सांडव्यात वाळूची पोती रचली जातात, फळ्या ठोकल्या जातात, पाणी फूटभर जास्त चढवले जाते. पण तळ्यात किती पाणी उरणार हे सांडव्याच्या उंबऱ्याची उंची ठरवते, त्याची रुंदी नव्हे. उंबरा तसाच ठेवून सांडवा दुप्पट रुंद केला तर साठा लिटरभरही कमी होत नाही, पुराच्या वेळची पातळी मात्र उतरते. पोती रचली की उलटे होते. फूटभर पाणी मिळते, पण पुरासाठी राखलेली जागा नेमकी तेवढीच खाल्ली जाते, आणि परतीचा पाऊस कोकणात केव्हा कोसळेल याचा भरवसा नसतो. जास्त पाणी हवे असेल तर उन्हाळ्यात तळाचा गाळ काढा, मात्र बांधाच्या पायथ्यापासून लांब राहून. पायथा उकरला तर बांधाचा टेकूच जातो. मासे सोडलेल्या तळ्यांत आणखी एक धोका असतो. मासे वाहून जाऊ नयेत म्हणून सांडव्याला बारीक जाळी लावतात. पहिल्याच मोठ्या सरीत पालापाचोळा, गवत आणि प्लास्टिक अडकून ती जाळी भिंत होते. जाळी हवीच असेल तर ती तळ्याच्या आत, सांडव्यापासून दूर, सैल अर्धगोलात लावावी आणि तिच्या वरून पाणी जाऊ शकेल इतकी बुटकी ठेवावी.

दुसरा घात आतून होतो. तिवरे फुटल्यावर खेकड्यांना दोष दिला गेला तेव्हा लोक संतापले, आणि ते रास्तच होते, कारण गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. खेकडे, घुशी, उंदीर बांध पोखरतात हे खरे. पण बीळ दिसणे, गळती ओळखणे आणि ती वेळेत थांबवणे हे माणसाचे काम आहे. प्रत्येक मातीच्या बांधातून थोडे पाणी पाझरतेच. पाझर स्वच्छ असेल आणि दिवसेंदिवस तेवढाच राहत असेल तर नजर ठेवणे पुरते. पाणी गढूळ झाले की बांधाची माती बाहेर पडू लागली असे समजा. तिथून पुढे वेळ तासांत मोजावी लागते. अमेरिकेतले टेटन धरण 5 जून 1976 रोजी पहिल्यांदाच भरत असताना सकाळी गढूळ पाझर दिसला आणि दुपारचे बारा वाजायच्या आत ते फुटले. अशी वाट बहुतेकदा पाइपाच्या कडेने निघते, कारण पाइपाशेजारची माती नीट धुम्मस करता येत नाही. 12 जुलै 1961 च्या पानशेतच्या दुर्घटनेतही अपुऱ्या राहिलेल्या मोरीवरचा भराव खचणे हेच मूळ दुखणे होते. म्हणून नव्या तळ्यात पहिल्या वर्षी पाणी सावकाश चढू द्या आणि पाइपाच्या तोंडाशी रोज बघा. बांधावर नारळ, आंबा लावण्याची हौस आवरा. झाड वाळले की कुजलेल्या मुळाची पोकळी म्हणजे पाण्यासाठी तयार नळी. हरळी किंवा वाळा लावा. माती धरली जाते आणि गवत कापलेले असले की बीळही दिसते. आधीच मोठे झालेले झाड मात्र पावसाच्या तोंडावर उपटू नका.

तळे लहान आहे, त्याला कोणता कायदा लागतो, असेही विचारले जाते. 2021 चा धरण सुरक्षा कायदा 15 मीटरहून उंच धरणांना आणि 10 ते 15 मीटरमधल्या काही विशिष्ट धरणांना लागू आहे. आपली बहुतेक खासगी तळी त्याच्या कक्षेबाहेर राहतात. याचा अर्थ जबाबदारी नाही असा नव्हे. तपासायला कोणी येणार नाही, एवढाच अर्थ आहे. इंग्लंडमध्ये 1860 साली एका गिरणीमालकाच्या खासगी तलावाचे पाणी शेजारच्या कोळसा खाणीत शिरले. मालकाची स्वतःची हयगय सिद्ध झाली नाही, तरी 1868 मध्ये सर्वोच्च पातळीवर भरपाई त्याच्यावरच बसली, आणि हा निकाल आपल्या न्यायालयांनाही चांगला परिचित आहे. आणि लहान तळे म्हणजे तरी किती? अर्ध्या एकरात सरासरी तीन मीटर पाणी असेल तर ते साठ लाख लिटर होते. खाली ओहोळाकाठी पाडा असेल तर घात करायला एवढे पाणी पुरेसे आहे. मालक बोरिवलीत आणि पाऊस मुरबाडला, हा आपल्याकडचा खास धोका. राखणदाराला सांडवा साफ करण्याची, पाइप उघडण्याची आणि खालच्या वस्तीला उठवण्याची पूर्ण मुभा आजच द्या, फोन लागेपर्यंत थांबायला लावू नका. गढूळ पाझर दिसला किंवा पाणी माथ्याला भिडू लागले तर आधी माणसे हलवा, 1077 या जिल्हा आपत्ती क्रमांकावर किंवा मुंबईत 1916 वर कळवा, मग पाइप किंवा पंपाने पाणी उतरवा. बांध स्वतः फोडू नका; घाईत पाडलेली खाच आवरता येत नाही. बांधाच्या मजबुतीबद्दल शंका असेल तर जलसंधारण विभागाच्या अभियंत्याला मे महिन्यातच दाखवा. आणि या रविवारी शेतावर जाल तेव्हा आधी सांडव्यापाशी थांबा. तिथे पोती, फळी किंवा जाळी असेल तर ती काढूनच परत या.