'साठी बुद्धी नाठी' म्हणण्यापूर्वी

म्हातारपणी माणूस विसरू लागला, बोलायला-चालायला मंद झाला, की 'साठी बुद्धी नाठी' म्हणून आपण मोकळे होतो. परंतु बुद्धी मंदावण्याची काही कारणे औषधाने आटोक्यात येणारी असतात. त्यांपैकी एक म्हणजे थायरॉईड, अर्थात अवटू ग्रंथीचे काम कमी होणे.

ग्रंथीचे कार्य : ही ग्रंथी गळ्याच्या पुढील भागात असते. तिच्यातून स्रवणारे थायरॉक्सिन हे संप्रेरक शरीराच्या कामाचा वेग राखते. ते कमी पडले की हृदय, आतडी यांच्याबरोबर मेंदूही मंदावतो.

लक्षणे : थंडी सहन न होणे, बद्धकोष्ठता, कोरडी त्वचा, घोगरा आवाज, चेहऱ्यावर सूज, सुस्ती, उदासी आणि विस्मरण. वृद्धांमध्ये ही सर्व एकत्र दिसतीलच असे नाही. जी दिसतात तीही वयाच्याच खात्यावर जमा होतात आणि तपासणी राहून जाते.

उपचाराचा इतिहास : १८७३ साली लंडनचे डॉ. विल्यम गल यांनी प्रौढ स्त्रियांमधील या विकाराचे वर्णन केले. १८९१ मध्ये डॉ. जॉर्ज मरे यांनी ४६ वर्षांच्या एका स्त्रीला मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचला. ती सुधारली आणि पुढे अर्क घेत १९१९ पर्यंत जगली. आता त्याच संप्रेरकाची गोळी मिळते.

निदान : रक्ताची टीएसएच तपासणी करतात. थायरॉईड काम करीनाशी झाली की मेंदूतली पीयूषिका ग्रंथी टीएसएच वाढवते. कामचुकार नोकराला वरून ताकिदीवर ताकीद यावी तसे.

घ्यावयाची काळजी : गोळी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावी. वृद्धांना, विशेषतः हृदयविकार असल्यास, अल्प मात्रेने सुरुवात करतात. जास्त मात्रेने हृदयाचे ठोके अनियमित होतात, हाडे ठिसूळ होतात. गोळी उपाशीपोटी, चहापूर्वी निदान अर्धा तास घ्यावी. लोह व कॅल्शियमच्या गोळ्यांत चार तासांचे अंतर ठेवावे.

मात्र खोटी आशाही नको. उतारवयात टीएसएच थोडे वाढतेच; तेवढ्यासाठी गोळी घेऊन स्मरणशक्ती सुधारत नाही. अल्झायमरचा आजार या गोळीने बरा होत नाही. दुखणे फार काळ दुर्लक्षित राहिले, तर सुधारणा अपुरी राहू शकते.

विद्यार्थी मित्रांनो, आजी तोच प्रश्न पुन्हा विचारू लागली, तर तिच्यावर खेकसण्याआधी तिला डॉक्टरांकडे न्या. कदाचित तिचे वय नव्हे, एक छोटीशी ग्रंथी थकली असेल.