स्वादुपिंडाचा कर्करोग : जनुकांवरील खुणा आणि आपले निदान

सावेडीतील आमच्या चिकित्सालयात साठीचे एक गृहस्थ कामलेसाठी आले. वेदना नव्हती, ज्वर नव्हता. मल तिलपिष्टनिभ, सर्वांगास कंडू, वजनात घट आणि मधुमेह जेमतेम सहा महिन्यांचा. शाखाश्रित कामला असे निदान करून आम्ही तीन आठवडे चिकित्सा दिली. निदान ग्रंथोक्त होते. मार्ग कशाने रुद्ध झाला, हे मात्र आम्ही शोधले नाही. सीटी स्कॅनमध्ये स्वादुपिंडाच्या शिरोभागी अर्बुद आढळले. त्यांच्या चिरंजीवांनी विचारले, “जनुकांवरील खुणा हळदीने पुसतात म्हणे, मग देऊ या का?”

प्रश्न निरर्थक नव्हता. या रोगात बहुतेक रुग्णांचे केआरएएस जनुक विकृत असते. परंतु जनुकाचा पाठ तोच राहूनही त्याचे वाचन बदलू शकते. डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, त्यांवर काही विकरे, म्हणजे एन्झाइम, रासायनिक खुणा ठेवतात, काही त्या पुसतात. ईझेडएच२ मिथाइल खूण ठेवून अर्बुदास आवर घालणारी जनुके मूक करते; त्याचे आधिक्य प्रतिकूल साध्यासाध्यतेशी निगडित आहे. केडीएम६ए तीच खूण पुसते. ते नष्ट झाले असता रोग अधिक उग्र रूप घेतो, असे उंदरांवरील प्रयोगांत दिसले आहे. खूण पुसता येते, म्हणून संशोधकांना औषधाची आशा आहे. स्वादुपिंडाच्या नित्य चिकित्सेत अशी औषधे अद्याप आलेली नाहीत.

आता हरिद्रा. बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू केंद्रातील तपस कुंडू यांच्या गटाने २००४ मध्ये दाखविले की कर्क्युमिन पी३०० या ॲसिटिल खूण ठेवणाऱ्या विकरास रोखते. आपल्यापैकी काहींचा उत्साह येथेच अनावर होतो. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात या रोगाच्या २५ रुग्णांस रोज ८ ग्रॅम कर्क्युमिन दिले गेले. रक्तात ते अत्यल्प पोहोचले. मूल्यमापन झालेल्या २१ पैकी दोघांतच परिणाम दिसला, त्यातील एकात अल्पकाळ. एवढ्यावर कोणास आश्वासन देणे आम्हास उचित वाटत नाही.

गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांना मुंबई, न्यूयॉर्क व दिल्ली येथील उपचार मिळूनही १७ मार्च २०१९ रोजी याच रोगाने त्यांचे निधन झाले. निदानसमयी सुमारे पंधरा ते वीस टक्केच रुग्ण शस्त्रसाध्य असतात. म्हणून पन्नाशीपुढील वेदनारहित कामला, त्यातही नवा मधुमेह व कार्श्य असता, आम्ही आता त्याच आठवड्यात सोनोग्राफी करवितो. आध्मानामुळे स्वादुपिंड नीट न दिसल्यास सीटी स्कॅन.

त्या गृहस्थांच्या यकृतात रोग पसरलेला होता. तीन आठवड्यांपूर्वी तो तेथे नव्हता, असे आम्हास म्हणता येत नाही. होताच, असेही नाही.