दस्ताची नक्कल आणि तिचे मोल

इचलकरंजीत १९०४ साली पहिला यंत्रमाग सुरू झाला. मागासाठी कर्ज काढावयाचे तर घराचे कागद बँकेपुढे ठेवावे लागतात; वारसांत वाटणी व्हावयाची, तरी तेच कागद लागतात. मूळ खरेदीखत सापडले नाही की घरमालक गोंधळतो आणि ‘नक्कल काढून देतो’ म्हणणाऱ्या मध्यस्थाला तो सांगेल ती रक्कम देऊन बसतो.

वस्तुतः ही नक्कल कोणाच्या मेहेरबानीची वस्तू नव्हे. नोंदणी अधिनियम, १९०८ मधील कलम ५७ अन्वये स्थावर मिळकतीच्या दस्तांचे पुस्तक क्रमांक १ विहित फी भरून कोणाही व्यक्तीस पाहता येते व त्यातील नोंदीची प्रमाणित नक्कल मागता येते. दुय्यम निबंधकाची सही व मोहोर असलेली ही नक्कल मूळ दस्तातील मजकूर शाबीत करण्यासाठी ग्राह्य असते. कलम ७९ तर फीचा तक्ता जिल्ह्याच्या भाषेत प्रत्येक नोंदणी कार्यालयात दर्शनी लावण्यास सांगते. मध्यस्थाचे फावते, ते या तक्त्याकडे कोणी पाहत नाही म्हणून.

खरी अडचण येते ती दस्ताचा क्रमांक व वर्ष ठाऊक नसल्यास. तेव्हा सूची क्रमांक १ मधून पक्षकारांच्या नावावरून आणि सूची क्रमांक २ मधून मिळकतीच्या वर्णनावरून शोध घ्यावा लागतो. जुन्या वर्षांचा शोध किचकट असतो. त्या श्रमाची मजुरी कोणी मागितल्यास त्यात गैर काही नाही. मात्र शासकीय फी किती आणि मजुरी किती, हे घरमालकास वेगवेगळे कळले पाहिजे, व फीची शासकीय पावती त्याच्याच हाती पडली पाहिजे.

याहून वाईट प्रकार म्हणजे एक कागद मागावा आणि दुसराच हाती यावा. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा शासनाच्या संकेतस्थळावर १५ रुपयांत मिळतो. शहरातील मिळकत पत्रिका नगर भूमापनाच्या अभिलेखातील. लगतच्या खेड्यांत ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा असतो, तो कर आकारणीचा. यांपैकी कोणताही कागद खरेदीखताची नक्कल नव्हे. पंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी अर्जदारास प्रथम हेच विचारावे, की कागद नेमका कशासाठी हवा आहे.

ज्यांचे खरेदीखत आज घरात आहे, त्यांनी त्यावरील दस्त क्रमांक, वर्ष व नोंदणी कार्यालयाचे नाव वेगळ्या वहीत उतरवून ठेवावे. मूळ कागद गहाळ झाल्यास नकलेचा अर्ज तेवढ्यावर लिहिता येतो.