पिशवीतलं पीट, ट्रेमधली मिरची

गडहिंग्लज भागात ऊस आणि मिरचीची रोपं गादीवाफ्यावरून ट्रेमध्ये आली, तसा माध्यमाचा प्रश्नही आला. परदेशी पीट घ्यावं की आपलं कोकोपीट? रोपवाटिका चालवताना पटलेल्या या गोष्टी.

१. पीट चांगलंच आहे. स्फॅग्नम मॉस कोरड्या वजनाच्या पंधरा-वीस पट पाणी धरतं. दलदलीत ते पुरतं न कुजता साठत गेलं की पीट होतं. हलकं असतं, पण आम्लही. चुना मिसळलेलंच घ्यावं.

२. त्याची खरी किंमत पिशवीवर नसते. पीटचा थर वर्षाला जेमतेम १ मिलिमीटर वाढतो, म्हणजे मीटरभराला हजार वर्षं. खणायला आधी पाणी काढावं लागतं. मग हवा लागून साठलेला कार्बन उडून जातो. पीटभूमी जगाच्या जमिनीच्या फक्त ३ टक्के, पण तिच्यात सगळ्या जंगलांतल्या झाडोऱ्यापेक्षा जास्त कार्बन आहे.

३. मॉस पिकवताही येतं. जर्मनीत रास्टेडेजवळ २०११ पासून त्याची शेती चालते. निचरा करून कुरण केलेल्या दलदलीची वरची माती खरवडली, मॉसचे तुकडे पसरले, वर पेंढा टाकला आणि चरांतून पाणी जमिनीच्या पातळीलगत ठेवलं. काही वर्षांनी कापणी होते, खालचं पीट ओलंच राहतं.

४. ते इथे आणायचा हट्ट नको. त्या मॉसला थंडावा आणि क्षार नसलेलं आम्ल पाणी लागतं. आपलं एप्रिलचं ऊन आणि विहिरीचं पाणी त्याला सोसणार नाही. काथ्या काढून उरणारा नारळाचा भुसा, म्हणजेच कोकोपीट, मात्र दरवर्षी नवा मिळतो.

५. कोकोपीट धुतल्याशिवाय ट्रे भरू नये. त्यात सोडियम, पोटॅशियम चिकटून असतं; कोवळ्या मिरचीची पानं टोकाकडून करपतात. कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात भिजवावं, म्हणजे कॅल्शियम सोडियमला हुसकावतं. मग साध्या पाण्याने धुऊन क्षार मोजणारा ईसी मीटर लावावा. ते खारट पाणी पाटात सोडू नये.

६. पीटभूमीचा ‘ओली जमीन ओलीच ठेवा’ हा धडा चिबडाला, म्हणजे पाणी साचून खारावलेल्या शेताला, लावू नये. दलदल मुळातच ओली. आपली चिबडं बहुतेक उसाला पाट सोडून झालेली. तिथे चर काढून निचराच करावा आणि ठिबक लावावं.