कागद टाकण्यापूर्वी



तुम्हांला आता वाचता येऊ लागले. आकडेही ओळखता येतात. तेव्हा आज आपण घरची पत्र्याची पेटी उघडू या. आजवर कागद आला की पेटीत टाकायचा, आणि दिवाळीच्या सफाईत रद्दीवाल्याला द्यायचा, अशीच रीत होती. ती आता सोडली पाहिजे.

तुम्ही म्हणाल, "आधारची जुनी झेरॉक्स आणि भरलेले पासबुक कोणाच्या काय कामाचे?" ऐका तर. आधारच्या झेरॉक्सवर नाव, पत्ता, फोटो आणि १२ आकडी क्रमांक असतो. पासबुकावर खातेक्रमांक असतो. जुन्या अर्जावर आपली सही असते. हे सगळे लबाडाच्या हाती पडले, की तो आपल्या नावावर कर्ज काढू पाहतो. नाहीतर फोन करतो, "बँकेतून बोलतो. तुमचा खातेक्रमांक हाच ना?" आपल्याला वाटते, हा बँकेचाच माणूस. आपण ओटीपी सांगून बसतो, आणि घामाचा पैसा जातो.

म्हणून आधी प्रत्येक कागद वाचा. मग दोन ढीग करा.

ठेवायचे : खरेदीखत, वाटणीपत्र, फेरफार, जन्ममृत्यूचे दाखले, शाळा सोडल्याचा दाखला, कर्ज फिटल्याचा दाखला. शंका आली तर कागद ठेवावा. जळलेला कागद परत येत नाही.

नष्ट करायचे : जास्तीच्या झेरॉक्स, बाद अर्ज, एटीएमचा पिन आलेला लिफाफा, बंद खात्याचे कोरे चेक.

नष्ट कसे करावे? नाव, क्रमांक आणि सही यांवरूनच कागद फाडा. बारीक तुकडे रात्रभर पाण्यात भिजवा आणि सकाळी चांगले कुसकरा. आपल्या आया-आज्या कागदाच्या लगद्यात मेथी वाटून घालीत आणि टोपल्या-सुपे लिंपीत. तसेच करा. अक्षरही जाईल आणि टोपलीही टिकेल! थोडेच कागद असले तर चुलीत घाला, पण अर्धवट जळलेला तुकडा राहू देऊ नका. जुने एटीएम कार्ड मात्र जाळू नका. कात्रीने त्याचे तुकडे करा. चकचकीत चिप आणि काळी पट्टी दोन्ही कापली गेली पाहिजेत.

आणखी दोन गोष्टी आम्ही सांगतो. झेरॉक्सच्या दुकानात बिघडलेली प्रत सोडून येऊ नका, मागून घ्या. आणि कोणाला झेरॉक्स द्याल तेव्हा तिच्यावर काम व तारीख लिहून सही करा.

एवढे करूनही फसवणूक होऊन पैसे गेलेच, तर लाजू नका. लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा आणि बँकेला कळवा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणे अवघड.

पूर्वी अंगठा उठवताना कागदात काय आहे ते दुसऱ्याला विचारावे लागे. आता आपला कागद आपणच वाचायचा, आणि आपणच सांभाळायचा.

उत्तरे लिहा
१. पेटीतले कोणते कागद कधीही नष्ट करू नयेत?
२. एटीएम कार्ड कसे कापावे?
३. आज आपली पेटी उघडा. तीन कागद वाचून त्यांची नावे वहीत लिहा.